हिरडीतली आणि जबड्यातली दुर्मिळ सिस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोंडातून काढलेल्या गाठी आणि तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासून रिपोर्ट लिहिणं हे माझं पुण्यातलं रोजचं काम. पेशंटशी माझी गाठ तशी कमीच पडते. पडते तेव्हा त्यांच्या हातात मीच सही केलेला रिपोर्ट असतो, मोबाइलवर अर्धवट वाचलेली माहिती असते आणि चेहरा उतरलेला असतो. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. तुमच्या तोंडात काय आहे ते मात्र तुमचे डॉक्टर बघूनच सांगू शकतील.

सिस्ट म्हणजे गळूच ना?

नाही. गळवात पू असतो, ते ठणकतं, ताप येतो, चार दिवसांत गाल सुजतो. सिस्ट म्हणजे आतून पेशींचं अस्तर असलेली बंद पिशवी. आत पाणी किंवा दाट पांढरा ऐवज साठतो आणि पिशवी सावकाश मोठी होत जाते. हे अस्तर येतं कुठून? दात तयार करणाऱ्या पेशी काम संपल्यावर सगळ्याच्या सगळ्या जात नाहीत. थोड्या हिरडीत आणि हाडात शिल्लक राहतात आणि वर्षानुवर्षं गप्प असतात. त्यातल्या काही कधीतरी पुन्हा वाढू लागतात. जबड्यात इतर हाडांपेक्षा सिस्ट जास्त होतात त्याचं कारण हेच.

सिस्टमध्ये जंतू शिरले की तिचंही गळू होतं. मग अँटिबायोटिकचा कोर्स होतो, सूज उतरते, पेशंट खूश होऊन घरी जातो, आणि पिशवी होती तिथेच राहते.

दुखत नव्हतं, सूज नव्हती. मग एकदम एवढी मोठी कशी निघाली?

एकदम निघाली नाही, एकदम दिसली. हाड हळूहळू सरकून जागा करून देतं, त्यामुळे दुखायचं काही कारणच नसतं. कॉलेजातल्या मुलीला ब्रेसेस लावायच्या म्हणून ओपीजी, म्हणजे आख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढला, किंवा अक्कलदाढ त्रास देते म्हणून काढला, आणि भलत्याच जागी काळा गोल दिसला, ही जबड्याच्या सिस्टची नेहमीची कहाणी आहे.

तरी काही खुणा असतात. दोन दातांमध्ये नव्याने फट पडणं, एखादा दात वाकडा होणं, कवळी अचानक नीट न बसणं, हिरडीच्या वर हाड फुगल्यासारखं लागणं, तोंडात अधूनमधून खारट पाणी येणं. दाबल्यावर हाड कागदासारखं कुरकुरत असेल तर त्या जागी हाडाचा पातळ पापुद्राच उरलेला असतो. अशा वेळी पुन्हापुन्हा दाबून बघू नका. सूज नसतानाही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होत असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, कारण साधी सिस्ट असं सहसा करत नाही.

रूट कॅनल केलं की जाईल ना?

ज्या दाताची नस मेली आहे त्याच्या मुळाशी झालेली सिस्ट असेल तर बऱ्याचदा जाते, निदान लहान असताना. जबड्यातल्या सिस्टमध्ये हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो. म्हणूनच मुळाजवळ काळं दिसलं की हात आधी रूट कॅनलकडे वळतो.

घोळ होतो तो इथेच. ज्या दुर्मिळ सिस्टबद्दल हे पान आहे, त्यांच्या शेजारचे दात बहुतेक वेळा जिवंत असतात. त्यांचा दाताच्या नसेशी काही संबंध नसतो, त्या नुसत्या शेजारी उभ्या असतात. वरच्या पटाशीच्या दोन दातांमागे, टाळूच्या मध्यरेषेत, बदामाच्या आकाराची एक सिस्ट होते. नाक आणि टाळू यांना जोडणारा जो मार्ग गर्भात असतो, त्याच्या अवशेषातून ती येते. एक्स-रेत तिची सावली पटाशीच्या मुळांवर पडते आणि दोन धडधाकट दातांचं रूट कॅनल होऊन बसतं. सिस्ट तशीच राहते, सहा महिन्यांनी पेशंट परत येतो आणि मग "रूट कॅनल बिघडलं" म्हणून तेच पुन्हा उकरलं जातं.

हे टाळण्याची तपासणी अगदी साधी आहे. दाताला थंड लावून किंवा विजेचा हलका झटका देऊन नस जिवंत आहे का बघायचं. शेजारच्या चांगल्या दातालाही लावायचं, म्हणजे तुलना होते. रूट कॅनल सुरू होण्याआधी "थंड लावून बघितलं का?" एवढं विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. दात जिवंत निघाला आणि मुळाशी काळा गोल असेल, तर आधी निदान आणि मग दाताला हात.

हिरडीवर निळसर फोड आली आहे. टोचून पाणी काढलं तर?

टोचू नका. खालच्या सुळ्याच्या आणि उपदाढेच्या बाहेरच्या बाजूला, पन्नाशी-साठीच्या माणसाला, वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान, गुळगुळीत, निळसर फोड असेल तर ती प्रौढांच्या हिरडीतली सिस्ट असू शकते. ही खरोखर दुर्मिळ आहे. हाडात ती शिरत नाही, फार तर वरून जरासा खळगा पाडते. स्थानिक भूल देऊन ती पूर्ण काढली की विषय संपतो, सहसा परत येत नाही.

पण हिरडीवरची प्रत्येक फोड ही सिस्ट नसते. किडलेल्या दाताचा पू बाहेर पडण्याची वाट अगदी अशीच दिसते. लाळग्रंथीची गाठ, रक्तवाहिन्यांची गाठ, आणि कधी त्याहून वाईट काही, हेही त्याच जागी येऊ शकतं. आपल्याकडे अजूनही घरोघरी मिश्री लावणाऱ्या आज्या आणि मावश्या आहेत. मिश्री, तंबाखू किंवा गुटखा असेल आणि हिरडीवर खरखरीत, पांढरा-लाल, पटकन रक्त येणारा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल, तर सिस्टचा विचार बाजूला ठेवून आधी कॅन्सरची तपासणी करून घ्या. लवंग, तुरटी, हळद-मीठ यांत दिवस घालवू नका.

दुर्मिळ म्हणजे नेमक्या कोणत्या?

हिरडीतल्या सिस्टची हाडातली बहीण म्हणजे दाताच्या बाजूला होणारी लॅटरल पेरिओडॉन्टल सिस्ट. जागा साधारण तीच, खालचा सुळा आणि उपदाढा. एक्स-रेत दोन जिवंत दातांच्या मुळांमध्ये थेंबाच्या आकाराची, बहुधा एक सेंटिमीटरपेक्षा लहान काळी जागा दिसते. काढली की बरी. हिचाच अनेक कप्प्यांचा एक अवतार आहे, बोट्रिऑइड सिस्ट. १९७३ साली तिचं वर्णन झालं. एखादा कप्पा मागे राहिला तर ती परत येते, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं.

कॅल्सिफाइंग सिस्टचं वर्णन गॉर्लिन आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये केलं. हिच्या अस्तरात केंद्रक हरवलेल्या, फिकट, नुसती बाह्यरेषा उरलेल्या पेशी दिसतात. त्यांना आम्ही 'घोस्ट सेल' म्हणतो. आत चुन्याचे ठिपके असू शकतात आणि कधी सोबत दातासारख्या घटकांची गाठही निघते. नाकपुडीच्या बाजूला, ओठाच्या वर, हाडाच्या बाहेर होणारी नेझोलेबियल सिस्ट तर दातांच्या डॉक्टरांकडे येण्याआधी बहुतेक वेळा कान-नाक-घसावाल्यांकडे जाऊन आलेली असते. ग्रंथीसारखी दिसणारी ग्लँड्युलर सिस्ट आणि केराटोसिस्ट यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. केराटोसिस्ट तशी फार दुर्मिळ नाही, पण सगळ्यांत जास्त फिरवते तीच.

आणि सिस्टसारखं दिसणारं, पण सिस्ट नसलेलं?

तेही असतं. किशोरवयीन मुलांच्या खालच्या जबड्यात, दाढांच्या मुळांमध्ये बोटं घातल्यासारखी पसरलेली एक पोकळी सापडते. उघडली तर आत अस्तर नाही, बऱ्याचदा काहीच नाही. सर्जन ती जरा खरवडतो, रक्त येतं, त्या रक्तातूनच हाड भरून येतं. आणि खालच्या जबड्याच्या कोनाजवळ, नसेच्या नळीच्या खाली एक अंडाकृती काळा डाग कधीकधी दिसतो. तो लाळग्रंथीच्या दाबाने पडलेला खळगा असतो. स्टाफ्नेने १९४२ मध्ये तो दाखवून दिला. त्याला काहीही करायचं नसतं.

ओपीजीवरून नाव सांगता येत नाही का?

अंदाज सांगता येतो. चित्रात फक्त पोकळी दिसते. ती कुठे आहे, कडा रेखीव आहेत की धूसर, कप्पे आहेत का, मुळं झिजली आहेत की नुसती सरकली आहेत, न उगवलेल्या दाताच्या मानेला ती चिकटली आहे का, यावरून यादी लहान होते. आडव्या अक्कलदाढेभोवतीची पोकळी साधी डेंटिजेरस सिस्ट (न उगवलेल्या दाताभोवती होणारी) असू शकते, केराटोसिस्ट असू शकते किंवा अमेलोब्लास्टोमा नावाची गाठही असू शकते. तिघींचे ओपीजी शेजारी ठेवले तर अनुभवी माणूसही फसतो, आणि तिघींचे उपचार वेगळे आहेत.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढायला सांगतात ते मुख्यतः ऑपरेशनची आखणी करण्यासाठी. हाडाची भिंत कुठे फुटली आहे, खालच्या जबड्यातली नस किती जवळ आहे, वर सायनसमध्ये शिरकाव आहे का, हे ओपीजीच्या सपाट चित्रात कळत नाही. किरणोत्सर्गाची फार धास्ती नको. ओपीजीचा डोस आपल्याला निसर्गातून काही दिवसांत मिळतो तेवढाच असतो. सीबीसीटीचा त्याहून जास्त, म्हणून तो गरजेपुरताच आणि गरजेच्या भागापुरताच काढावा. गरोदर असाल तर आधी सांगा.

डॉक्टरांनी सुई घालून पाणी ओढलं. तो उपचार होता का?

ती तपासणी होती. फिकट पिवळं पाणी आलं आणि उजेडात त्यात कण चमकले तर ते कोलेस्टेरॉलचे स्फटिक. जेवणातल्या कोलेस्टेरॉलशी त्याचा संबंध नाही. चक्क्यासारखा घट्ट पांढरा ऐवज आला तर केराटिन (केस-नखांत असतं ते प्रथिन), म्हणजे संशय केराटोसिस्टचा. सिरिंज नुसती रक्ताने भरू लागली तर हात तिथेच थांबतो, कारण आत रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते आणि ती दवाखान्याच्या खुर्चीत उघडणं जिवावर बेतू शकतं. हाडातली मोठी पोकळी उघडण्याआधी सुई घालून बघणं यासाठीच महत्त्वाचं.

पाणी काढल्यावर सूज थोडी बसते. पण अस्तर आत आहे, ते पुन्हा पाणी भरतं.

बायोप्सी केली की गाठ चिडते, पसरते, असं सासूबाई म्हणतात.

हा समज पुण्यात पेठेपासून हिंजवडीपर्यंत सगळीकडे सारखाच आहे. सिस्टचा तुकडा काढल्याने ती कॅन्सर होत नाही आणि शरीरभर पसरतही नाही. उलट बायोप्सी न करता मोठी शस्त्रक्रिया होणं हेच धोक्याचं आहे.

लहान सिस्ट असेल तर आधी तुकडा वगैरे न घेता ती आख्खी काढतात आणि आख्खी तपासायला पाठवतात. मोठी असेल, कप्पे असतील, संशय असेल तर आधी एक तुकडा घेतात, रिपोर्ट बघतात, मग ठरवतात. तुकड्याच्या रिपोर्टलाही मर्यादा असते. जंतुसंसर्ग झालेल्या भागात केराटोसिस्टचं अस्तर आपली ओळख हरवून बसतं आणि साध्या सिस्टसारखं दिसतं. पिशवीच्या भिंतीत एकाच कोपऱ्यात अमेलोब्लास्टोमा दडलेला असू शकतो. म्हणून आधीचा रिपोर्ट "साधी सिस्ट" आला असला तरी नंतर काढलेली पूर्ण पिशवी पुन्हा तपासायलाच हवी.

आता माझ्या टेबलावरचं सांगते. फॉर्मॅलिनची, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावाची, छोटी बरणी येते, वर बॉलपेनने नाव, वय, तारीख. आत तपकिरी-पांढरट पातळ पडदा, कधी त्याला लटकलेला दात. सोबतच्या फॉर्मवर "जबड्यातली सिस्ट" एवढंच लिहिलं असेल तर मी निम्मी आंधळी असते. कुठली बाजू, शेजारचे दात जिवंत का, एक्स-रे कसा दिसतो, पूर्वी ऑपरेशन झालंय का, हे कळलं तर त्याच स्लाइडवरून कितीतरी नेमकं लिहिता येतं. एक्स-रेची प्रत फॉर्मबरोबर जाते आहे ना, एवढं नातेवाइकांनी बघितलं तरी खूप झालं. आणि सर्वांत महत्त्वाचं: तोंडातून काढलेली कुठलीही सिस्ट कचऱ्यात जाता कामा नये. "काही नव्हतं, साधी होती, टाकून दिली" हे वाक्य ऐकलं की माझा संताप होतो. ती साधी होती हे कुणी ठरवलं? तपासणीचे पैसे वाचवावे असं वाटत असेल तर दुसरीकडे कुठे वाचवा.

रिपोर्टला इतके दिवस का लागतात?

मऊ तुकडा काही दिवसांत होतो. सोबत हाड किंवा दात असेल तर तो आधी आम्लात ठेवून मऊ करावा लागतो, नाहीतर त्याचे काप पडत नाहीत. घाई केली तर पेशी खराब होतात. कधी जास्तीचे रंग किंवा जादा काप लागतात, त्याला आणखी वेळ. रोज फोन केल्याने हाड लवकर मऊ होत नाही.

रिपोर्टमध्ये 'ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट' आलं आहे. काही ठिकाणी याला ट्यूमर म्हटलंय. नक्की काय?

दोन्ही वाचायला मिळेल. १९५६ मध्ये फिलिप्सेनने हे नाव दिलं. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती ट्यूमरच्या यादीत गेली, कारण ती परत येते आणि तिच्यात पीटीसीएच-१ या जनुकाचे बदल सापडतात. २०१७ च्या वर्गीकरणात ती पुन्हा सिस्टमध्ये आली. तुमच्या जबड्यातली गोष्ट तीच आहे. तेव्हा २०१० च्या रिपोर्टवर ट्यूमर आणि आताच्या रिपोर्टवर सिस्ट असेल तर कुणाचं चुकलेलं नाही.

हिचं अस्तर पातळ, ठिसूळ, सहज फाटणारं. शिवाय आजूबाजूला हिच्या लेकीबाळी, म्हणजे छोट्या पिशव्या, विखुरलेल्या असतात. नुसती खरवडून काढली तर दर चार-पाच पेशंटमागे एकात तरी ती परत येते, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. म्हणून सर्जन सिस्ट काढल्यावर भोवतालचं हाड फिरत्या बरने, म्हणजे ड्रिलच्या टोकाने, थोडं घासतात, किंवा कार्नॉय द्राव काही मिनिटं लावून उरलेल्या पेशी मारतात, किंवा ५-फ्लुरोयुरॅसिल हे औषध गॉजवर लावून पोकळीत ठेवतात. कार्नॉय दाहक असतो, नसेला लागू द्यायचा नसतो. जबड्याचा तुकडाच काढणं हे पुन्हापुन्हा उलटणाऱ्या किंवा फार पसरलेल्या केससाठी. पहिल्याच भेटीत कुणी तेच सुचवलं तर दुसरं मत घ्या.

जवळपास याच नावाची, पण अस्तर वेगळं असलेली ऑर्थोकेराटिनाइज्ड सिस्टही असते. ती परत येण्याचं प्रमाण फारच कमी. रिपोर्टमधला तो एक शब्द नीट वाचा, तुमची पुढची कित्येक वर्षं त्यावर ठरतात.

'ग्लँड्युलर ओडोंटोजेनिक सिस्ट' आल्यास?

हा सगळ्यांत फसवा प्रकार. १९८७ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालं, १९८८ मध्ये आजचं नाव पडलं. मध्यमवयीन माणसाचा खालचा जबडा, बहुधा पुढचा भाग, कधी मध्यरेषा ओलांडून पलीकडे गेलेली. अस्तरात चिकट स्राव करणाऱ्या पेशी आणि छोट्या छोट्या पोकळ्या असतात. अडचण अशी की लाळग्रंथीच्या पेशींचा एक सौम्य जातीचा कॅन्सर हाडात झाला तर तोही जवळपास असाच दिसतो. एमएएमएल-२ या जनुकाची तपासणी दोघांत फरक करायला मदत करते. त्यामुळे हे नाव आलं की स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवून जपलेला तुकडा) दुसऱ्या मुख-विकृतिशास्त्रज्ञाला, म्हणजे माझंच काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाला, दाखवून घ्या. लॅब ते देते, लेखी अर्ज करावा लागतो. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नसतो, आम्ही आपापसात रोज स्लाइड दाखवतो. ही सिस्टही परत येते, त्यामुळे पाठपुरावा लांबचा.

पिशवी काढणार नाही, उघडी ठेवणार म्हणाले. हा काय प्रकार?

सिस्ट खूप मोठी असेल, काढताना जबडा मोडायची किंवा नस दुखावायची भीती असेल, किंवा लहान मुलाचे येणारे दात तिच्यात अडकले असतील, तर आधी तिला एक खिडकी पाडतात आणि ती उघडी राहावी म्हणून नळी किंवा प्लग बसवतात. आतला दाब गेला की हाड कडेने भरू लागतं आणि पोकळी लहान होते. पार्ट्श यांनी १८९२ मध्ये सांगितलेला हा मार्ग आजही वापरात आहे.

कष्ट मात्र पेशंटचे. रोज सिरिंजने सलाइनचं पाणी आत मारून धुवायचं, हे कित्येक महिने, कधी वर्षभर. जेवणाचा कण अडकला की वास येतो. ज्यांच्याकडून हे नियमित होणार नाही त्यांनी आधीच स्पष्ट सांगावं, डॉक्टर दुसरा मार्ग काढतील. पोकळी लहान झाल्यावर उरलेली पिशवी बहुधा दुसऱ्या छोट्या ऑपरेशनने काढतात.

काहीच केलं नाही तर?

ती वाढत राहते. दात हलतात, सायनस व्यापतो, खालचा जबडा इतका पातळ होतो की दुचाकीवरून साधं पडणंही मोडायला पुरतं. सिस्टच्या अस्तरात कॅन्सर होणं शक्य आहे, पण अतिशय क्वचित. त्या भीतीने झोप घालवू नका. आणि "गणपती झाल्यावर, मग दिवाळी झाल्यावर, मग मुलीची बारावी झाल्यावर" असं करत तीन वर्षंही घालवू नका. काही आठवडे थांबल्याने बहुतेक सिस्टमध्ये फरक पडत नाही. किती थांबता येईल ते सर्जनलाच विचारा.

बाळाच्या हिरडीवर पांढरे मणी दिसतात. दात आले का?

नाही. नवजात बाळांमध्ये हे फार सर्रास आहे, दुर्मिळ अजिबात नाही. टाळूच्या मध्यरेषेवर किंवा हिरडीवर मोत्याएवढे पांढरे ठिपके असतात, काही आठवड्यांत ते आपोआप फुटून जातात. नखाने खरवडू नका, कापसाने चोळू नका, मधही लावू नका.

सहा-सात वर्षांच्या मुलाला नवा दात येण्याच्या जागी निळी-जांभळी फुगवटी आली तर ती दात उगवतानाची सिस्ट. बहुतेक वेळा दातच ती फोडून वर येतो. त्याच वयात खालच्या पहिल्या कायम दाढेच्या गालाकडच्या बाजूला सूज आणि दाढ तिरकी झालेली असेल तर मात्र दाखवा. ती एक वेगळी सिस्ट असते. ती काढली तरी दाढ वाचते, आणि घाईने दाढ उपटण्याची गरज नसते.

माझ्या मुलाला दोन-तीन ठिकाणी केराटोसिस्ट निघाल्या. घरातल्या इतरांनाही तपासायचं का?

हो. विशीच्या आत एकाहून जास्त केराटोसिस्ट असतील तर गॉर्लिन-गोल्ट्झ सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचा विचार करावाच लागतो. तळहाता-तळपायावर बारीक खड्डे, बरगडीला फुटलेले दोन फाटे, मेंदूच्या पडद्यावर चुन्याची रेघ, त्वचेवर बेसल सेल कॅन्सर, अशा खुणा एकत्र शोधतात. छातीचा एक एक्स-रे आणि तळहात नीट बघणं, एवढ्यानेही पुष्कळ कळतं. जनुकातला दोष आईवडिलांपैकी एकाकडून आला असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. कधी तो घरात पहिल्यांदाच उद्भवतो. अशा मुलांना अनावश्यक किरणोत्सर्ग टाळायचा असतो, त्यामुळे निदान आधीच माहीत असणं उपयोगाचं.

पुण्यात कुठे जायचं आणि खर्चाचं काय?

सुरुवात तुमच्या नेहमीच्या डेंटिस्टकडून. ओपीजीत शंका आली तर ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन, म्हणजे तोंड-जबड्याचे सर्जन. एकाच छताखाली एक्स-रे, सर्जन आणि पॅथॉलॉजी हवी असेल तर डेंटल कॉलेज सोयीचं पडतं: धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला. कॉलेजात विद्यार्थी बघतात म्हणून लोक नाक मुरडतात. पण दुर्मिळ केस तिथे चार जण बघतात, चर्चा होते, आणि स्लाइड पुढेही जपून ठेवलेल्या असतात. स्टेशनजवळचं ससूनही आहेच. तिथे सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, जुने एक्स-रे सोबत न्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या नावासह विचारा. खासगी विमा असेल तर "दातांचे उपचार" म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. जबड्याच्या हाडातली गाठ, भरती होऊन शस्त्रक्रिया, असं डॉक्टरांचं पत्र घेऊन आधीच मंजुरी मिळवा. अंदाजपत्रकात पॅथॉलॉजीचा खर्च धरला आहे का, तेही बघा.

ऑपरेशनआधी आणि नंतर काय सांभाळायचं?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं, हे सगळं आधी सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. लहान सिस्ट स्थानिक भूल देऊन निघते, मोठीला पूर्ण भूल.

नंतर काही दिवस मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, दुधात कुस्करलेली पोळी. बाकरवडी आणि कडक भाकरी कितीही आठवली तरी थांबा. स्ट्रॉने काही ओढू नका, मिश्री-सिगारेट बंद. मोठी पोकळी असेल तर जबडा भक्कम होईपर्यंत कडक चावणं आणि धक्क्याचे खेळ टाळा. खालचा ओठ बधिर राहिला तर घाबरू नका, बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. काहींचा पूर्ण सुधारत नाही, आणि हा धोका संमतीपत्रावर सही करण्याआधीच विचारून घ्यायचा असतो. हाड भरायला सहा महिने ते दोन वर्षं लागतात. हाडाची भर घालावीच लागते असं नाही, बऱ्याच पोकळ्या आपल्या आपण भरतात.

किती वर्षं दाखवायला यायचं?

नावावर अवलंबून. हिरडीतली सिस्ट, दाताच्या बाजूची साधी सिस्ट: हाड भरल्याचं एक-दोन एक्स-रेंत दिसलं की पुरे. केराटोसिस्ट, ग्लँड्युलर, बोट्रिऑइड: पहिली पाच वर्षं दरवर्षी ओपीजी, त्यानंतर अंतर वाढवत पुढेही. केराटोसिस्ट दहा वर्षांनंतरही परत आलेली आहे. पेशंट येणं बंद करतात ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, कारण दुखत तर काहीच नसतं.

रिपोर्टची मूळ प्रत, ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा ओपीजी, आणि सीबीसीटीची सीडी एकाच फाइलमध्ये ठेवा. रिपोर्टवर कोपऱ्यात एक नोंदणी क्रमांक असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी लॅबने ब्लॉक जपलेला असेल तोवर तो त्या क्रमांकावरून शोधता येतो.